मुख्य पेठ आणि मॉल : गेल्सबर्गचा धडा

अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या पश्चिम भागात गेल्सबर्ग नावाचे एक छोटे शहर आहे. शिकागोहून आगगाडीने सुमारे २६० किलोमीटर अंतरावर असलेले हे गाव १८३७ साली वसले. १८५४ मध्ये तेथे रेल्वे पोहोचली आणि गावाचा व्यापार वाढीस लागला. अब्राहम लिंकन आणि स्टीफन डग्लस यांच्यातील सुप्रसिद्ध वादसभांपैकी पाचवी सभा ७ ऑक्टोबर १८५८ रोजी येथील नॉक्स महाविद्यालयात भरली होती. कवी कार्ल सँडबर्ग यांचा जन्मही १८७८ मध्ये याच गावी झाला. १९७० च्या शिरगणतीत गावाची लोकसंख्या ३६ हजारांच्या घरात होती. म्हणजे आपल्याकडील एखाद्या तालुक्याच्या ठिकाणाएवढी.

१९७० च्या दशकाच्या मध्यास या गावाच्या कडेला एक मोठा मॉल उभा राहिला व त्यास सँडबर्ग यांचेच नाव देण्यात आले. मॉल सुरू होताच गावाच्या मध्यभागातील जुन्या पेठेपुढे अस्तित्वाचा प्रश्न उभा ठाकला. असे प्रसंग त्या काळात अमेरिकेतील शेकडो गावांवर आले. गेल्सबर्गचे वैशिष्ट्य असे की, पेठेची घसरण कशी होते, ती थोपविण्याचा प्रयत्न कोणत्या मार्गाने करता येतो आणि त्या प्रयत्नास मर्यादा कोठे पडतात, या तिन्ही गोष्टी या एकाच गावाच्या इतिहासात पाहावयास मिळतात.

जुन्या पेठेचे स्वरूप

अमेरिकेतील छोट्या गावांत मुख्य रस्त्यास बहुधा ‘मेन स्ट्रीट’ असेच नाव असते. दोन्ही बाजूंस एकमेकींस लागून दुमजली-तिमजली विटांच्या इमारती, तळमजल्यावर दुकाने, वरच्या मजल्यावर वकील, दंतवैद्य यांची कार्यालये किंवा राहण्याच्या खोल्या, जवळच न्यायालय, टपाल कचेरी, बँक व नाट्यगृह अशी तिची रचना असे. गेल्सबर्ग हे नॉक्स परगण्याचे मुख्य ठिकाण असल्याने आसपासच्या शेतकऱ्यांचे तेथे नित्य येणे-जाणे होते.

या रचनेत एक काम दुसऱ्या कामास पूरक ठरत असे. न्यायालयात आलेला माणूस दुपारी उपाहारगृहात जेवी, जाता जाता लोखंडी सामानाच्या दुकानात डोकावे आणि मुलांसाठी जोडे घेऊन घरी परते. मोठे वस्त्रभांडार आपल्या जाहिरातींनी ग्राहक खेचून आणी आणि त्याचा लाभ शेजारच्या लहान दुकानांस आपोआप मिळे. पेठेची खरी संपत्ती ही येणारी-जाणारी वर्दळ होती; परंतु ती कोणा एकाच्या मालकीची नव्हती व तिची जोपासना करणे हे कोणा एकाचे कामही नव्हते.

मॉलची कल्पना

संपूर्ण छताखाली असलेल्या वातानुकूलित मॉलचा आरंभ मिनेसोटा राज्यातील एडायना येथील ‘साउथडेल’पासून झाला असे मानण्यात येते. ८ ऑक्टोबर १९५६ रोजी तो खुला झाला. दोन स्पर्धक भांडारे एकाच छताखाली आणणे, त्यांच्यामध्ये ७२ दुकाने मांडणे आणि बाहेर सुमारे ५,००० मोटारींसाठी विनामूल्य वाहनतळ ठेवणे, ही त्याची मुख्य अंगे होती. मिनेसोटातील हिवाळा अतिशय कडक असतो. अशा प्रदेशात बारा महिने सुखद तापमानात खरेदी करता येणे हे ग्राहकांस मोठेच आकर्षण वाटले.

त्याचे रचनाकार व्हिक्टर ग्रूएन हे मूळचे वियेन्नाचे. नाझी राजवटीमुळे १९३८ मध्ये ते अमेरिकेत आले. विखुरलेल्या उपनगरांना वियेन्नासारखा एक मध्यवर्ती चौक मिळावा, त्याच्याभोवती घरे, शाळा व उद्याने असावीत, अशी त्यांची मूळ कल्पना होती. प्रत्यक्षात विकसकांनी त्यातील दुकाने व वाहनतळ एवढेच उचलले. बाकीचा आराखडा कागदावर राहिला. ग्रूएन पुढे मायदेशी परतले, तो १९७६ साली वियेन्नाच्या दक्षिणेसही एक विशाल खरेदी केंद्र उभे राहिले. १९७८ मध्ये लंडन येथील भाषणात त्यांनी या सर्व केंद्रांचे पितृत्व जाहीरपणे नाकारले. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.

रस्ते, कर आणि जमीन

ग्राहकांची आवड बदलली म्हणून पेठा ओस पडल्या, असे सांगण्यात येते. हे अंशतः खरे असले तरी ही आवड बदलण्यास सार्वजनिक निर्णयांचा मोठा हातभार लागला, ही गोष्ट दृष्टिआड करून चालणार नाही.

१९५६ च्या महामार्ग कायद्याने ४१ हजार मैलांचे, म्हणजे सुमारे ६६ हजार किलोमीटरचे, आंतरराज्य महामार्गांचे जाळे उभारण्याचे ठरले. त्याच्या खर्चाचा ९० टक्के भार केंद्र सरकारने उचलला. हे रस्ते बहुधा गावाबाहेरून गेले. त्यामुळे कालपर्यंत मका आणि सोयाबीन पिकविणारी शेतजमीन मोटारीने दहा मिनिटांच्या अंतरावर आली. ती स्वस्त होती, सलग होती आणि तेथे पाडण्याजोगे काही नव्हते.

दुसरा निर्णय करविषयक होता. १९५४ च्या प्राप्तिकर कायद्यान्वये नव्या व्यापारी इमारतींवरील घसारा पहिल्या काही वर्षांतच मोठ्या प्रमाणावर वजा करून घेण्याची सवलत मिळाली. परिणामी नवे खरेदी केंद्र बांधणे हा कर वाचविण्याचाही मार्ग ठरला. जुन्या इमारतींची दुरुस्ती करणाऱ्या मालकास या सवलतीचा तेवढा लाभ नव्हता. म्हणजे रस्ता, जमीन व कर या तिन्ही बाबतींत तराजूचे पारडे गावाबाहेरच्या बाजूस झुकलेले होते. मेन स्ट्रीटवरील दुकानदाराने कितीही मेहनत केली तरी ही विषमता त्याच्या एकट्याच्या आवाक्यातील नव्हती.

एक धनी आणि अनेक धनी

मॉल आणि पेठ यांच्यातील सर्वांत महत्त्वाचा फरक व्यवस्थापनाचा होता. मॉलला एकच मालक असतो. कोणते दुकान कोठे असावे, जोड्यांची दुकाने किती असावीत, खाद्यपदार्थांची जागा कोणत्या बाजूस असावी, हे तो ठरवितो. वर्दळ आणणाऱ्या मोठ्या भांडारांस तो अत्यल्प भाड्यात जागा देतो आणि त्या वर्दळीवर जगणाऱ्या लहान गाळ्यांकडून चौरस फुटामागे कितीतरी अधिक भाडे, शिवाय पुष्कळदा विक्रीचा काही हिस्सा वसूल करतो. पेठेत जी वर्दळ कोणाच्याच मालकीची नव्हती, तिचा मॉलमध्ये हिशेब ठेवला जातो. सर्व दुकाने एकाच वेळी उघडतात व रात्री एकाच वेळी बंद होतात. स्वच्छता, दिवाबत्ती, सजावट व जाहिरात यांचा खर्च सर्वांवर ठराविक प्रमाणात वाटला जातो.

मेन स्ट्रीटवर मात्र प्रत्येक इमारतीचा धनी निराळा. कोणी स्वतः दुकान चालवी, कोणी दूरच्या शहरात राहून भाडे घेई, तर काही इमारतींस अनेक वारस. बहुतेक दुकाने सायंकाळी पाचच्या सुमारास बंद होत. त्याच वेळी नोकरी करणारी स्त्री कामावरून सुटत असे. वाहन लावण्यासाठी मीटरमध्ये पैसे टाकावे लागत आणि वेळ उलटल्यास दंड होई. दुकानासमोरची सोयीची जागा सकाळी दुकानदार किंवा त्याचा नोकरच अडवून ठेवी. यांतील एकही दोष फार मोठा नव्हता. तो दूर करणे ज्याचे काम आहे असा माणूस पेठेत नव्हता, ही खरी अडचण होती.

उतरती कळा

पेठेची घसरण एका ठराविक क्रमाने होते. प्रथम मोठी भांडारे मुख्य रस्ता सोडून मॉलमध्ये स्थलांतर करतात. त्यांच्या रिकाम्या इमारती एवढ्या विस्तीर्ण असतात की त्यांस नवा भाडेकरू मिळत नाही. वर्दळ कमी झाल्यावर कापड, जोडे व दागिने यांची दुकाने त्यांच्यामागून जातात किंवा बंद होतात. भाडे उतरले की मालक दुरुस्ती टाळतो. वरचे मजले आधीच रिकामे असतात, त्यांची छते गळू लागतात. बँका अशा इमारतींवर कर्ज देण्यास नाखूश असतात. इमारतींचे मूल्यांकन घटल्यावर नगरपालिकेच्या मालमत्ता कराचे उत्पन्न घटते; उत्पन्न घटल्यावर पदपथ व दिवाबत्ती यांकडे दुर्लक्ष होते आणि राहिलेला ग्राहकही येण्यास कचरतो.

दुकान बंद झाल्याने होणारी हानी विक्रीच्या आकड्यांत पूर्णतः दिसत नाही. गावातील दुकानदार गावातल्याच बँकेत पैसे ठेवी, गावातल्या हिशेबनिसाकडून जमाखर्च लिहून घेई, शाळेच्या कार्यक्रमास वर्गणी देई आणि अडल्या-नडल्या शेतकऱ्यास सुगीपर्यंत उधार देई. साखळी दुकानाचा नफा मात्र दूरच्या मुख्य कचेरीकडे जातो. मोटार चालविता न येणारे वृद्ध व गरीब यांच्यासाठी तर चालत जाण्याच्या अंतरावरील दुकान बंद होणे म्हणजे रोजच्या जीवनातील प्रत्यक्ष अडचण असते.

पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून आयोवा राज्य विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ केनेथ स्टोन यांनी वॉलमार्ट या अवाढव्य दुकानांचा छोट्या गावांवर होणारा परिणाम अभ्यासला. जेथे नवे दुकान उघडते त्या गावाची एकूण विक्री वाढते. परंतु त्याच प्रकारचा माल विकणारी जुनी दुकाने आणि आसपासची लहान गावे यांचा व्यापार घटतो, असे त्यांस आढळले. उलट, त्या दुकानात न मिळणारा माल किंवा सेवा देणाऱ्यांस वाढलेल्या वर्दळीचा फायदाही होतो. मॉलच्या बाबतीतही हे निरीक्षण मार्गदर्शक ठरते.

फसलेले उपाय

आरंभी अनेक गावांनी मॉलचे अनुकरण करण्याचा मार्ग पत्करला. विटांच्या जुन्या दर्शनी भागांवर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून इमारतींस ‘आधुनिक’ रूप देण्यात आले. वाहनतळासाठी जुन्या इमारतींच्या रांगा पाडण्यात आल्या. मोकळ्या जागा वाढल्या, पण ज्यांच्यासाठी ग्राहक येत असे ती दुकानेच त्या जागी उरली नाहीत.

मिशिगन राज्यातील कॅलामझू या शहराने ऑगस्ट १९५९ मध्ये बर्डिक स्ट्रीटचा काही भाग वाहनांस बंद करून तो पादचाऱ्यांसाठी राखून ठेवला. अमेरिकेतील या प्रकारचा हा पहिला प्रयोग असून त्याची मूळ योजना ग्रूएन यांच्याच संस्थेने केली होती. पुढील दोन दशकांत अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. परंतु आजूबाजूस राहणारी वस्ती विरळ असेल, तर रस्ता बंद केल्याने वर्दळ वाढत नाही, असा बहुतेक ठिकाणी अनुभव आला व हे रस्ते पुन्हा वाहनांस खुले करण्यात आले. खुद्द कॅलामझूमध्येही १९९८ साली काही भागांत वाहतूक पूर्ववत सुरू झाली.

तीन गावांतील प्रयोग

१९७७ मध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या जतनासाठी काम करणाऱ्या ‘नॅशनल ट्रस्ट’ या संस्थेच्या शिकागो येथील कार्यालयाने मेरी मीन्स यांच्या नेतृत्वाखाली एक प्रायोगिक योजना हाती घेतली. त्यासाठी इलिनॉयमधील गेल्सबर्ग, इंडियानामधील मॅडिसन आणि दक्षिण डकोटातील हॉट स्प्रिंग्ज ही तीन गावे निवडण्यात आली. नवा मॉल दाराशी येऊन ठेपलेले गेल्सबर्ग हे या तिघांत सर्वांत मोठे होते.

योजनेचे मर्म साधे होते. प्रत्येक गावाच्या पेठेसाठी एक पूर्णवेळ व्यवस्थापक नेमण्यात आला. मॉलमध्ये जे काम मालकाचा व्यवस्थापक करतो, तेच काम त्याने अनेक धन्यांच्या संमतीने करावयाचे होते. इमारत-मालक, दुकानदार, बँका आणि नगरपालिका यांस एकत्र बसविणे, कोणत्या मालास गावात मागणी आहे पण दुकान नाही याची पाहणी करणे, रिकाम्या गाळ्यांसाठी योग्य भाडेकरू शोधणे आणि सर्वांची मिळून जाहिरात करणे, अशी त्याची कामे होती. दर्शनी भागांवरील पत्रे काढून मूळचे वीटकाम व कमानी मोकळ्या करण्यासही उत्तेजन देण्यात आले. कारण मॉलपाशी नसलेली आणि पेठेपाशी असलेली ती एकमेव वस्तू होती. या अनुभवातून संघटन, प्रसिद्धी, वास्तुरचना आणि आर्थिक पुनर्रचना अशी चतुःसूत्री निश्चित झाली. चारही सूत्रांवर एकाच वेळी काम व्हावे, एकावरच भर देऊन यश येत नाही, हा तिचा मुख्य नियम होता.

तीन वर्षांच्या प्रयोगाचे फलित उत्साहजनक होते. गेल्सबर्गच्या पेठेतील भरलेल्या गाळ्यांचे प्रमाण ९५ टक्क्यांपर्यंत पोहोचले. मॅडिसनमध्ये नवी दुकाने सुरू झाली. हॉट स्प्रिंग्जमध्ये पहिल्याच वर्षी ७ नवे व्यवसाय आले व पुढे तेथील विक्रीकराचे उत्पन्न २५ टक्क्यांहून अधिक वाढले. व्यवस्थापक व योजना यांवर गावाने खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे ११ डॉलरची खाजगी गुंतवणूक झाल्याचे संस्थेने नमूद केले आहे. १९८० मध्ये या कामासाठी राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले आणि सहा राज्यांपासून आरंभ झालेली ही चळवळ पुढे दोन हजारांहून अधिक गावांत पोहोचली.

यशाच्या मर्यादा

याचा अर्थ गेल्सबर्गची पेठ पूर्ववत झाली असा मात्र नाही. कपडे, जोडे व गृहोपयोगी वस्तूंचा जो व्यापार मॉलकडे गेला, तो परत आला नाही. पेठेने आपले स्वरूप बदलले. सेमिनरी स्ट्रीटवरील जुन्या विटांच्या इमारती दुरुस्त होऊन त्यांत लहान, वैशिष्ट्यपूर्ण दुकाने व उपाहारगृहे आली. मॉलशी स्पर्धा न करता मॉलमध्ये जे मिळत नाही ते देणे, हा मार्ग पेठेने स्वीकारला.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. व्यापार शेवटी गावाच्या मिळकतीवर चालतो. गेल्सबर्ग येथील मेटॅग कंपनीचा शीतकपाटांचा कारखाना २००४ मध्ये बंद पडून उत्पादन मेक्सिकोत गेले आणि सुमारे १,६०० कामगारांची नोकरी गेली. गावाची लोकसंख्याही घटत गेली. २०२० च्या शिरगणतीत ती सुमारे ३० हजार भरली. पगारच थांबला तर पेठ कितीही सुबक असली तरी तिची विक्री टिकणे कठीण, हा धडा त्या वर्षांनी दिला.

आणि ज्या मॉलमुळे हा सारा प्रश्न उद्भवला, त्याचे काय झाले? महामार्गालगतची अवाढव्य दुकाने आणि नंतर संगणकावरून होणारी खरेदी यांमुळे देशभर मॉलनाही तीच गती प्राप्त झाली. २०१८ मध्ये सिअर्स या जुन्या कंपनीने, तर २०२० मध्ये जे. सी. पेनी या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मॉलच्या एका टोकाचे मोठे दुकान बंद होताच वर्दळ आटते, मग लहान गाळे रिकामे होतात. मुख्य पेठेत जे घडले तेच छताखाली पुन्हा घडते. कवी सँडबर्ग यांच्या नावाचा मॉलही असाच रिकामा होत जाऊन बंद पडला. फरक एवढाच की, विटांची शंभर वर्षांची इमारत दुकान, कचेरी किंवा घर म्हणून पुन्हा वापरता आली. एकाच कामासाठी बांधलेल्या व चहूकडून वाहनतळाने वेढलेल्या मॉलला दुसरा उपयोग शोधणे अवघड गेले.

आपल्या गावांच्या दृष्टीने

महाराष्ट्रातील पेठांची स्थिती अगदी अशीच नाही. आपल्या गावांत दुकानाच्या वर व मागे माणसे राहतात, आठवड्याच्या बाजारास खेड्यापाड्यांतून लोक येतात आणि बसस्थानक बहुधा पेठेच्या जवळ असते. हे आपले बळ आहे. तथापि, गावाबाहेरून वळणरस्ता काढला की त्याच्या कडेस नवी दुकाने उभी राहतात, हा अनुभव आपल्याकडेही नवा नाही. १९६६ च्या प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली विकास योजना तयार करताना वळणरस्त्यालगतच्या जमिनीचा विचार जेवढ्या काळजीने व्हावयास हवा, तेवढ्याच काळजीने जुन्या पेठेतील पदपथ, स्वच्छतागृहे, वाहनतळ आणि दुकानांवरील वस्ती यांचाही विचार होणे आवश्यक आहे.

त्यासाठी मोठा निधी हाती येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. गेल्सबर्गच्या प्रयोगाचा आरंभ एका व्यवस्थापकाच्या नेमणुकीने झाला. दुकानदार, इमारत-मालक, नगरपरिषद आणि बँक यांनी ठराविक दिवशी एकत्र बसावे, रिकाम्या गाळ्यांची यादी करावी, दुकानांच्या वेळा ग्राहकांच्या सोयीने ठरवाव्यात आणि या निर्णयांचा पाठपुरावा करण्यासाठी एका व्यक्तीवर जबाबदारी सोपवावी, एवढ्याने कामास सुरुवात होऊ शकते. मात्र ही सुरुवात पहिले मोठे दुकान पेठ सोडून जाण्यापूर्वी व्हावयास हवी. कारण एकदा मोडलेली वर्दळ पुन्हा जुळविण्यास किती वर्षे लागतात, हे गेल्सबर्गच्या मेन स्ट्रीटने अनुभवले आहे.